शाईपेनाला साजेशी शाई: रंग जुळवायचा की स्वभाव?

कोरा_कागद

मंडळी, राजमहेंद्रीला बनलेलं एक एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, शाईपेन नुकतंच हाती आलं आहे. हिरव्या आणि तपकिरी लहरी एकमेकींत मिसळलेल्या, अंगाने जाड, ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचं. निब पोलादी, मध्यम टोकाची. धुऊन, वाळवून ठेवलंय. अजून शाई भरलेली नाही, कारण भरायची तर त्याला शोभेल अशीच भरायची आहे.

प्रश्न साधा आहे. पेनाला साजेशी शाई निवडताना तुम्ही आधी काय बघता? पेनाच्या अंगाचा रंग, निबेचा स्वभाव, की कागद? अंगाच्या रंगाशी शाई जुळवणं ही नुसती हौस, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. टोपण काढल्यावर पेनाच्याच कुळातला रंग कागदावर उतरला की लिहायला बसावंसं वाटतं, आणि लिहायला बसावंसं वाटणं हेच तर शाईपेन बाळगण्याचं मोठं कारण. पण रंगाच्या नादात पेनाचे हाल होऊ नयेत, म्हणून विचारते.

वापर असा: रोजची डायरी, महाविद्यालयातल्या तासांची टिपणं, अधूनमधून एखादा धनादेश. राहते नागपुरात आणि सध्या मे महिना चालू आहे, हे मुद्दाम सांगते.

इतवारीचा_भाऊ

ताई, मे महिना चालू आहे हेच पहिल्या ओळीत लिहाचं होतं! इथे पारा ४५ च्या वर जाऊन राहिला. दुपारी टोपण उघडं ठेवून कोणाशी दोन गोष्टी केल्या की निब कोरडी ठण्ण. अशा हवेत पहिले पाहाचं ते हे, की पेन किती शाई सोडते. मंग कागद. रंग सगळ्यात शेवटी.

माझं ऐकाल तं पहिले साधी निळी भरा. कोणतीही, धुऊन निघणारी. आठवडाभर लिहा. तुमचा पेन ओला लिहिते का सुका, हे तुमच्या हाताला कळल्याबिगर आम्ही काही सांगून उपयोग नाही.

धूसर_निळा

भाऊंशी पूर्ण सहमत. पुण्यात हवा इतकी कठोर नाही, पण नियम तोच.

नव्या लोकांसाठी थोडं सविस्तर लिहितो. निबेखाली खाचांची एक पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणतो. ती शाई किती सढळपणे निबेपर्यंत पोचवते त्यावर पेन ओलं की कोरडं ते ठरतं. शाईचंही तसंच आहे. पेलिकनची ४००१ मालिका कोरड्या स्वभावाची समजली जाते. वॉटरमनची निळी किंवा पायलटच्या इरोशिझुकु शाया मोकळ्या वाहतात. ओल्या पेनात कोरडी शाई भरायची, कोरड्या पेनात ओली. दोन्ही ओलं झालं तर साध्या कागदावर अक्षराच्या कडा फुटतात आणि मागच्या पानावर डाग उतरतो. दोन्ही कोरडं झालं तर निब कागदावर खरखरते आणि माणूस उगाच निबेला दोष देतो.

एबोनाइटची जीभ असलेली आपली देशी पेनं बहुधा सढळ लिहितात. तुमच्या पेनाची जीभही एबोनाइटची असेल तर कोरड्या शाईपासून सुरुवात करा.

तर्रीबाज

नागपूरच्या पेनात नारिंगी शाई पाहिजे, विषय संपला. हिरव्या-तपकिरी पेनातून नारिंगी अक्षर निघालं की झाडाला संत्रं लागल्यासारखं दिसेल.

मोडीवेडी

@तर्रीबाज, कल्पना गोड आहे आणि मला नारिंगी शाई मनापासून आवडते. पण ती जाड निबेतून. मध्यम किंवा बारीक निबेतून फिकी नारिंगी, पिवळट, आकाशी या छटा ट्यूबलाइटखाली वाचताना डोळ्यांना त्रास देतात. जाड निब घ्यावी तर देवनागरीची अडचण. रोमन अक्षरं मोकळी असतात. आपल्याकडे 'क्ष', 'श्र', 'ण' या अक्षरांची पोटं लहान, त्यावर मात्रा, अनुस्वार नि रफार, खाली उकार. जाड निब आणि सढळ शाई एकत्र आली की ती पोटं बुजतात. म्हणून मराठी लिहिणाऱ्याने जोडी लावताना इंग्रजीतले शाईचे नमुने पाहून भुलू नये. आपल्या हस्ताक्षरात 'श्रीकृष्ण' आणि 'लक्षण' लिहून पाहावं. त्यात अक्षराची पोटं उघडी राहिली तर शाई त्या निबेची.

हिशेबनीस

मी थोडा वेगळा सूर लावतो. पेनं कितीही असोत, शाई एकच असावी: निळी-काळी. पेन बदललं तरी कागदावर माझं अक्षर तेच दिसतं. वही दहा वर्षांनी उघडली तर सलग वाचता येते. रंग जुळवण्याच्या खटपटीत लिहिण्यापेक्षा धुण्यात जास्त वेळ जातो. कोरा_कागद यांनी धनादेशाचा उल्लेख केला आहे, तिथे तर मोरपंखी नि शेवाळी नकोच. आता धनादेश प्रत्यक्ष फिरत नाही, त्याची प्रतिमा फिरते. प्रतिमेत ठळक उमटेल आणि पाण्याने पुसली जाणार नाही अशी गडद शाई हवी. धुऊन निघणारी शाळकरी निळी धनादेशावर वापरणं धोक्याचं आहे.

कोरा_कागद

@हिशेबनीस, धनादेशाचं पटलं. त्यासाठी दुसरं पेन ठेवीन. पण "शाई एकच असावी" हे नाही पटत. माझ्या डायरीत मला सलगपणा नको आहे. कोणत्या दिवसांत कोणतं पेन हातात होतं हे रंगावरून कळावं, असंच मला वाटतं.

@इतवारीचा_भाऊ, आज साधी निळी भरली. जीभ एबोनाइटचीच आहे. पेन चांगलंच ओलं लिहितंय.

रसायनी

शाईत काय असतं ते एकदा सांगतो, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्याचा प्रश्न नीट दिसेल.

साध्या शाईत सर्वांत जास्त असतं ते पाणी. त्यात विरघळलेला रंग. शाई मोकळी वाहावी म्हणून पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं थोडं द्रव्य. निबेवर लगेच सुकू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलच्या जातीचं, ओल धरून ठेवणारं काहीतरी. आणि बुरशी लागू नये म्हणून किंचित जंतुनाशक. ओली शाई आणि कोरडी शाई हा जो फरक वर धूसर_निळा यांनी सांगितला, तो मुख्यतः या मधल्या दोन घटकांच्या प्रमाणामुळे पडतो.

आता मे महिन्यात काय होतं? हवा कोरडी, तापमान चाळिशीच्या पुढे. उडून जातं ते पाणी. रंग जागेवर राहतो. म्हणून पेनात काही दिवस राहिलेली शाई बाटलीतल्या शाईपेक्षा गडद उतरते. सकाळचं पहिलं वाक्य गडद, पान संपेपर्यंत अक्षर मूळ रंगावर आलेलं, हे इथल्या प्रत्येक शाईपेनवाल्याने पाहिलं असेल. यातून माझा पहिला सल्ला: रंग जुळवायचा असेल तर उन्हाळ्यात हव्या त्या रंगाहून एक छटा फिकी शाई घ्या. शेवाळी हवी आणि आधीच गडद शेवाळी घेतली तर ती पेनातून काळपट येईल.

दुसरा सल्ला: विरघळणारा रंग आणि सूक्ष्म कणांचा रंग यांत फरक करा. प्लॅटिनम कंपनीची कार्बन ब्लॅक, सेलरची किवागुरो, सेइबोकु या कणांच्या शाया. सुकल्यावर पाण्याने हलत नाहीत, म्हणून धनादेशाला आणि पाकिटावरच्या पत्त्याला उत्तम. पण तीच शाई जिभेच्या खाचांत सुकली तर साध्या पाण्याने निघणं कठीण. म्हणून ती अशा पेनात भरावी ज्याचं टोपण हवाबंद आहे आणि जे रोज चालतं. चमकीच्या शायांचं तर विचारूच नका. चमकी म्हणजे तळाला बसणारे कण. जाड निबेच्या, सहज उघडून धुता येणाऱ्या पेनातच त्या शोभतात.

सदरकर

टोपणावरून आठवलं. प्लॅटिनमच्या प्रेपीसारख्या स्वस्त पेनातही टोपणाच्या आत स्प्रिंगवर दाबली जाणारी एक छोटी आतली टोपी असते. निब त्या टोपीत बंद होते. मे महिन्यात पेन आठ-पंधरा दिवस पडून राहिलं तरी पहिल्या रेघेला उमटतं. इथल्या हवेला या सोयीचं मोल फार आहे. रसायनी म्हणतात त्या कणांच्या शाईसाठी मी हेच सुचवीन.

आणि जुन्या झाकलेल्या निबेच्या पेनांनाही विसरू नका. १९४१ मध्ये आलेलं पार्कर ५१ आणि त्याच्या वळणावर बनलेलं चिनी हीरो ६१६. निबेचं अगदी टोक तेवढं बाहेर, बाकी सगळं आत. वारा लागतच नाही. आमच्या कार्यालयात उन्हाळ्यातही अशी पेनं बिनतक्रार चालायची.

वाळ्याची_ताटी

एक गोष्ट कोणी बोललं नाही. कूलर! कूलरच्या खोलीत बसून लिहा आणि एसीच्या खोलीत बसून लिहा, एकाच पेनाची दोन रूपं दिसतील. कूलर हवेत ओल सोडते, निब लवकर सुकत नाही, पण कागद सादळतो आणि शाई पसरते. एसीत उलट: कागद कडक, अक्षर रेखीव, पण टोपण उघडं राहिलं की निब अडली. मी कूलरच्या खोलीत कोरडी शाई आणि ऑफिसात मोकळी वाहणारी, अशी विभागणी केली आहे.

इतवारीचा_भाऊ

@वाळ्याची_ताटी, एकदम बरोबर बोलले भाऊ. आमच्या दुकानात कूलरसमोर बिलबुक ठेवलं तं अक्षर फुटते, दोन हात बाजूला सरकवलं तं नाही फुटत.

शाळकरी_डाग

मी मूळचा महालातला. आमच्या शाळेत शेवटचा पेपर झाला की गेटबाहेर एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर पेनं झटकायची. निळ्या ठिपक्यांचा शर्ट घालून घरी जायचं आणि आईचा ओरडा खायचा. तो शर्ट पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा नसेल तरच हिंमत व्हायची. त्या शाईत आणि पेनात काही जुळवाजुळव नव्हती. दुकानात जी बाटली असेल ती.

गोकुळपेठकर

आमच्याकडे शाईच्या गोळ्या मिळायच्या. पाण्यात टाकायच्या, रात्रभर ठेवायच्या. पाणी जास्त झालं तर फिकी, कमी झालं तर निब अडायची. माझे वडील प्रमाण बरोबर जमवायचे आणि शेजारची मुलं बाटली घेऊन आमच्याकडे यायची.

धूसर_निळा

@गोकुळपेठकर, कॅम्लिनची सुरुवातच तशी झाली. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या काढल्या. उंट नंतर आला.

मोडीवेडी

धाग्याचा सूर थोडा जुन्याकडे वळलाच आहे, तर एक इशारा देऊन ठेवते. मोडी कागदपत्रं वाचायला लागल्यावर लोकांना घरी शाई करून पाहायची हौस येते. काजळी, बाभळीचा डिंक, पाणी, खूप घोटायचं. ती शाई बोरूसाठी आहे. डिंक जिभेच्या खाचांत बसला की शाईपेन संपलंच समजा. बाजारात चित्रकलेसाठी मिळणारी लाखेची काळी शाईही शाईपेनात भरू नये, तीही टाकाची शाई.

दुसरी जुनी शाई मात्र शाईपेनात अजून चालते. हिराकस आणि माजूफळ. माजूफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र येतात. लिहिताना ती फिकट असते, हवेतल्या प्राणवायूने कागदावर काळी होत जाते आणि धाग्यांत धरून बसते. आपल्याकडे हिरड्यातल्या टॅनिनवर हिराकस घालून कापड काळं रंगवायचे, तत्त्व तेच. आजच्या शायांत पेलिकन ४००१ ची निळी-काळी, प्लॅटिनमची निळी-काळी या जातीच्या आहेत. इंग्लंडमध्ये जन्म-विवाहाच्या नोंदवहीत अशीच शाई वापरायचे. हिशेबनीस यांची "एकच शाई" बहुतेक हीच असावी.

हिशेबनीस

हीच. ओळखलंत.

रसायनी

मग एक पुरवणी जोडतो, कारण कोरा_कागद यांची निब पोलादी आहे. ही शाई आम्लधर्मी असते. सोन्याच्या निबेला फरक पडत नाही. पोलादी निबेत महिनोन् महिने न धुता ठेवली तर ती निबेला खाऊ शकते, आणि इथल्या उन्हात पाणी उडून ती आणखी तीव्र होते. नियमित लिहिलं, दर भरणीला पेन धुतलं तर काही होत नाही. आणि एक शाई पूर्ण निघाल्याशिवाय दुसरी भरू नका. आम्लधर्मी शाईत अल्कधर्मी शाई मिसळली तर साका धरू शकतो आणि तो नेमका जिभेत बसतो.

धुताना बोअरचं पाणी टाळा. नागपुरात बऱ्याच वस्त्यांत ते जड असतं. क्षार निबेच्या चिरेत साचतात. शेवटची धुलाई तरी गाळलेल्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्याने करा. गरम पाणी एबोनाइटला नको, त्याची झळाळी जाते.

लक्ष्मीनगरची_लेक

मी कोरा_कागद यांच्या बाजूने. रंग जुळवण्याला इथे सगळे शेवटचा क्रमांक देताहेत, पण पेन बनवणाऱ्या कंपन्याच जोड्या विकतात. लॅमी दरवर्षी आपल्या सफारी पेनाचा एक नवा रंग काढते आणि पुष्कळदा त्याच रंगाची शाई. २०१६ चा गडद जांभळा, २०१७ चा पेट्रोल. मी ती पेट्रोलची जोडी वापरते. टोपण, क्लिप, अक्षर सगळं एका रंगाचं. टेबलावर तीन पेनं पडलेली असतात तेव्हा कोणत्यात काय भरलंय हे बघायला टोपण उघडावं लागत नाही. ही सोय कोणी मोजतच नाही.

सदरकर

@लक्ष्मीनगरची_लेक, सोयीचा मुद्दा खरा आहे. मी कार्यालयात असताना काळ्या पेनात निळी आणि लाल टोपणाच्या पेनात लाल, असंच ठेवत असे, नाहीतर शेरा भलत्याच रंगात उमटायचा. रंगाला तिथे मान होता. हिरवी शाई म्हणजे राजपत्रित अधिकारी, असा समज लोकांत अजून आहे. केंद्राच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत तर हिरवी-लाल शाई सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांपुरती, तीही क्वचित प्रसंगी, असं म्हटलेलं आहे. कोरा_कागद यांनी शेवाळी हिरवी घेतली तर महाविद्यालयाच्या अर्जांवर ती नको.

कोरा_कागद

अर्जांवर निळीच. 😊 शेवाळी फक्त डायरीत आणि टिपणांत.

आठवडाभर साध्या निळीने लिहिलं. निष्कर्ष: पेन ओलं आहे, आणि माझ्या नेहमीच्या रजिस्टरवर अक्षर फुटतं. डायरीच्या गुळगुळीत कागदावर अजिबात फुटत नाही. म्हणजे आता शाई बदलू की रजिस्टर?

कागदवाला

इतका वेळ वाचत होतो, आता माझा विषय आला.

कागद शाईला धरतो की पसरू देतो हे जाडीवर ठरत नाही. लोक दुकानात येऊन "शंभर जीएसएम द्या" म्हणतात, म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाचा कागद. तोमोए रिव्हर हा जपानी कागद अवघा ५२ जीएसएमचा, आणि शाईपेनवाले त्याच्यावर जीव टाकतात. खरं काम खळ करते. कागद बनवताना त्याला खळ लावलेली असते, ती शाईला धाग्यांत शिरू देत नाही. खळ कमी असली तर शंभर जीएसएमवरही शाई फुटते. स्वस्त रजिस्टरात नेमकी तीच काटकसर असते. एकाच कंपनीच्या दोन खेपांतही फरक पडतो, म्हणून डझनावारी घेण्याआधी एक वही घ्या आणि शेवटच्या पानावर लिहून पाहा.

महाल आणि इतवारीत छपाईचा कागद विकणारी दुकानं आहेत. तिथे सुटे ताव मिळतात. आपलं पेन सोबत न्या, ताव मागून कोपऱ्यात दोन शब्द लिहा, मागची बाजू बघा. पसंत पडला तर तिथेच कापून, शिलाई मारून वह्या बांधून घेता येतात. कागदाची धूळ निबेत जाऊ नये म्हणून खरबरीत हातकागद मात्र ओल्या पेनासाठी घेऊ नका, दिसायला तो कितीही देखणा असला तरी.

रजिस्टर बदलायचं नसेल तर कोरडी शाई भरा, निम्मं काम होईल.

सुलेखनकार

कागदवाल्यांचं प्रत्येक वाक्य खरं. निबेबद्दल थोडं जोडतो. काही जण देवनागरीसाठी कापलेली, सपाट टोकाची निब सुचवतील. इंग्रजी कटनिबेचा काप आणि आपल्या बोरूचा काप यांचा तिरकसपणा उलट असतो. तयार मिळणारी सपाट निब हातात धरून देवनागरी लिहिलं तर जाड-बारीक चुकीच्या जागी पडतं, पेन फिरवून धरावं लागतं. अशी निब शाईही भरपूर ओतते, त्यामुळे तिच्यासाठी कोरडी आणि छटा दाखवणारी शाई घ्यावी. एकाच फटकाऱ्यात कुठे गडद कुठे फिकं दिसणं, ही गंमत सपाट निबेतच खुलते. कोरा_कागद यांच्या गोल मध्यम निबेत ती थोडी कमी दिसेल, पण दिसेल.

इतवारीचा_भाऊ

ड्रॉपरच्या पेनाबद्दल एक जरुरी गोष्ट राहिली. नळीत शाई अर्ध्याच्या खाली गेली की आत हवा जास्त होते. हाताच्या गरमीनं ती हवा फुगते आणि निबेतून शाईचा थेंब कागदावर. एबोनाइट गरमी हळू घेते म्हणून बरं, धातूच्या पेनात हा ताप जास्त. तरी मे महिन्यात अर्धी झाली की भरून घेत जा. आणि स्कूटीच्या डिक्कीत पेन ठेवू नका ताई! उन्हात उभी राहिलेली डिक्की काय तापते तुम्हाले माहीत आहे. खिशात नाही तं पर्समध्ये, निब वर करून.

आट्यांना सिलिकॉन ग्रीज लावा, अगदी जरासं. व्हॅसलीन नको, एबोनाइट शेवटी रबरच आहे.

तर्रीबाज

धागा भारी झाला. मी आल्यापासून मजा करून राहिलो, आता एक खरं विचारतो. रंगाने जुळवणं झालं, स्वभावाने जुळवणं झालं. इतिहासाने जुळवणारं कोणी नाही का? राजमहेंद्रीच्या पेनात जपानी शाई भरली तं ते पेन बोलणार कोणाशी?

मोडीवेडी

@तर्रीबाज, हा या धाग्यातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न!

राजमहेंद्रीच्या पेनाची गोष्ट आपल्या शेजारच्या वर्ध्याशी जोडलेली आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी पूर्ण देशी बनावटीचं शाईपेन करून गांधीजींकडे पाठवलं. ते पोचलं ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हातून, आणि संघाचं ठिकाण वर्धा. १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र लिहून आभार मानले, पेन वापरून पाहिलं आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं, असं कळवलं. कोलकात्याची सुलेखा शाई १९३४ ची, तीही स्वदेशीच्या हाकेतून निघालेली. आणि धूसर_निळा यांनी वर लिहिलं ते कॅम्लिन १९३१ चं. म्हणजे चार-पाच वर्षांच्या आत पेन आणि शाई दोन्ही या देशात उभी राहिली. राजमहेंद्रीच्या पेनात सुलेखा किंवा कॅम्लिन भरणं, ही जोडी एकाच पिढीची आहे.

धूसर_निळा

आणि नागपुरात बसून बाबासाहेबांचं नाव न घेता पेनाचा धागा पुरा होऊ नये. त्यांना उत्तम शाईपेनांची आवड होती. त्यांच्या वापरातल्या वस्तू नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपलेल्या आहेत. तिकडे गेलात तर जरूर बघा.

हिशेबनीस

इतिहासाने जुळवणं मला पटलं. रंगापेक्षा तरी जास्त.

लक्ष्मीनगरची_लेक

@कोरा_कागद, माझ्याकडे हिरव्या आणि तपकिरी मिळून पाच-सहा बाटल्या आहेत, त्यांत देशीही आहेत. बाटली घेण्याआधी छोट्या कुप्यांत नमुने देते. रविवारी सकाळी धरमपेठेत येणार असाल तर सांगा. नमुना बघताना टूथपिकने किंवा कापसाने पट्टी ओढू नका, तिच्यात रंग खराहून कितीतरी गडद दिसतो. आपल्याच निबेने, आपल्याच कागदावर, चार ओळी.

कोरा_कागद

नमुने मिळाले, @लक्ष्मीनगरची_लेक, मनापासून आभार. भाऊ, ग्रीजही लावलं.

रसायनींचं ऐकून मुद्दाम फिक्या बाजूची एक देशी शेवाळी निवडली. पहिल्या दिवशी ती मला थोडी पिवळट वाटली. तीन-चार दिवस पेनात राहिल्यावर नेमकी एबोनाइटच्या हिरव्या लहरीच्या रंगावर आली. मोडीवेडींची 'श्रीकृष्ण' आणि 'लक्षण' ही कसोटी घेतली, पोटं उघडी राहतात. शाई स्वभावाने कोरडी आहे, त्यामुळे रजिस्टरवर अक्षर पूर्वीपेक्षा खूप कमी फुटतं. तरी कागदवाल्यांचं मानून इतवारीतून ताव आणले आणि दोन वह्या बांधायला टाकल्या आहेत. धनादेशासाठी प्रेपीत कणांची काळी.

एक शंका उरली. ही जोडी पावसाळ्यातही अशीच राहील का?

रसायनी

नाही राहणार, थोडी हलेल. हवेत ओल आली की पेनातलं पाणी कमी उडेल, म्हणून रंग बाटलीतल्यासारखा, म्हणजे आताच्यापेक्षा फिका दिसेल. कागदही सादळेल, रजिस्टरवर पुन्हा थोडं फुटेल, बांधून घेतलेल्या वह्यांवर बहुधा नाही. तेव्हा हीच छटा ठेवायची असेल तर तिच्याच कुळातली एक गडद शेवाळी वेगळ्या पेनात भरून आधी पाहा, दोन्ही शाया एकत्र करून घरी छटा बनवू नका. आणि बाटली नीट बंद करून कपाटात ठेवा. पावसाळ्यात शाईला वेगळा वास आला किंवा वर साय दिसली तर ती बुरशी आहे, ती शाई पेनात भरायची नाही.

इतवारीचा_भाऊ

वह्या बांधून आल्या की ताव कोणता घेतला ते लिहा ताई. आमच्या बिलबुकासाठी तोच घेतो.